व्यसन लपवू नका, हे शिकवणारे गाडगेबाबा

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे निघालेली मोटार वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर आली आणि गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. हाती खराटा आणि डोईवर फुटके गाडगे एवढीच मालमत्ता असलेल्या या लोकसंताच्या कार्याचे मूळ त्यांच्याच घरातील एका दुःखात होते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. देवाला बकरे आणि पंगतीला दारू, या रूढीपायी झिंगराजींना व्यसन जडले. देह खंगत गेला, तरी उपाय चालले ते नवससायासांचे. डेबूजी लहान असतानाच ते गेले. सखुबाई मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला. पुढे मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाचा रिवाज मोडून गोडाचे जेवण घातले. भाऊबंदांचा रोष त्यांनी पत्करला.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. ऋणमोचनला पूर्णाकाठी घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. कीर्तनात ते उपदेशापेक्षा प्रश्न अधिक विचारीत. कर्ज, दारू, पशुबळी यांविषयी श्रोत्यांच्याच तोंडून सत्य वदवून घेत.

त्या प्रश्नांची गरज आज दवाखान्यातही भासते. गांजा ओढणारा रुग्ण लाजेने किंवा कायद्याच्या भीतीने ते डॉक्टरांपासून लपवतो. गांजातील द्रव्ये काही औषधांचे यकृतातील विघटन मंदावतात. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध त्यामुळे शरीरात साचून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गुंगीच्या औषधांची मात्राही बदलावी लागते. नव्या औषधाच्या चाचणीत रुग्णाला घेण्यापूर्वी व्यसनांची चौकशी होते, तीही याचसाठी. माहिती दडवल्यास प्रवेश मिळेलही. पण जीव धोक्यात येतो आणि चाचणीचा निष्कर्षही फसवा ठरतो.

दादरला बाबांच्या नावाने उभी असलेली धर्मशाळा परगावच्या कर्करुग्णांना आसरा देते. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. मात्र झिंगराजींच्या घरातील तो अनर्थ पुन्हा घडू नये, यासाठी व्यसनाचे सत्य वेळीच डॉक्टरांना सांगणे, हेच बाबांचे खरे स्मरण ठरेल.