न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : न्यायालयांवर देखरेख करणारा न्यायाधीश

प्रास्ताविक

समाजसुधारक, अर्थचिंतक आणि मराठ्यांच्या सत्तेचे इतिहासकार म्हणून रानडे आपल्याला परिचित आहेत. त्यांच्या नावाला जोडलेले ‘न्यायमूर्ती’ हे पद मात्र आपण बहुधा उपाधीप्रमाणे उच्चारून पुढे जातो. या पाठात आपण त्यांच्या न्यायखात्यातील सेवेचा, विशेषतः तालुक्याच्या न्यायालयांवर त्यांनी ठेवलेल्या देखरेखीचा, परिचय करून घेणार आहोत.

शिक्षण व प्रारंभीची सेवा

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होत. १८६६ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली आणि १८७१ मध्ये ते पुण्यात पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. गणेश वासुदेव जोशी यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक होते. तंटे आपसांत मिटावेत म्हणून या सभेने लवाद न्यायालयाचा उपक्रमही चालवला.

कर्जबाजारी शेतकरी आणि दिवाणी न्यायालय

मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. चौकशीत न्यायदानातील एक मोठा दोष पुढे आला. न्यायालय गावापासून दूर; तेथे जायचे तर मजुरी बुडे, वकिलाला देण्यास पैसा नसे. म्हणून पुष्कळ कुळे हजरच राहत नसत आणि सावकाराला एकतर्फी हुकूमनामा मिळे. कायद्याचे अक्षर पाळले जाई, पण रोख्यावरील रक्कम खरी आहे की नाही, हे कोणी विचारत नसे.

या दोषावर उपाय म्हणून सरकारने १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता देण्याघेण्याचा मूळ हिशेब तपासावा, कर्जाचे हप्ते बांधून द्यावेत, देण्यापायी शेतकऱ्याला कैद होऊ नये, दाव्यापूर्वी सलोख्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात ठरले. प्रतिपक्षाचा वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील देणे परवडत नसेल, तर न्यायालयाने त्याच्यासाठी वकिलाची योजना करावी, अशीही तरतूद होती. लहान रकमेच्या दाव्यांत अपील मात्र ठेवले नव्हते. त्याऐवजी दुय्यम न्यायालयांची तपासणी करण्यासाठी विशेष न्यायाधीशाचे पद निर्माण झाले.

संशय आणि विश्वास

याच सुमारास रानडे स्वतः सरकारी नजरेखाली होते. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड आणि पुण्यातील वाड्यांना लागलेल्या आगी यांमुळे सरकारचा संशय बळावला. रानड्यांना धुळ्यास पाठवले गेले व त्यांच्या टपालावरही पाळत राहिली. त्यांनी तक्रार न करता काम चोख ठेवले. संशय फिटल्यावर त्याच सरकारने १८८१ मध्ये त्यांना विशेष न्यायाधीशांचे सहायक नेमले आणि १८८७ मध्ये ते पद त्यांच्याकडेच सोपवले.

देखरेखीचे स्वरूप

हे काम फिरतीचे होते. तालुक्याच्या ठिकाणी जाऊन निकाली दाव्यांचे कागद पाहायचे. प्रतिवादीची जबानी घेतली काय, मुद्दल आणि व्याज वेगळे काढले काय, हप्ते कुळाला झेपतील असे आहेत काय, हे तपासायचे. चूक आढळल्यास निकाल दुरुस्त करायचा. अपील नसलेल्या शेतकऱ्याला या तपासणीचाच आधार होता. या फिरतीच्या जीवनाचे चित्र रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात आढळते.

कायद्याच्या मर्यादाही रानडे ओळखून होते. काही सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. न्यायालय अन्याय्य वसुली रोखू शकेल, परंतु बी-बैलांसाठी लागणारे भांडवल देऊ शकणार नाही. म्हणून शेतीला स्वस्त कर्ज देणाऱ्या संस्था हव्यात, असा विचार त्यांनी मांडला.

अखेर व मूल्यमापन

काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रात सरकारी देखरेखीची दोन रूपे समोरासमोर येतात. एका देखरेखीत न्यायाधीशाच्या मतांवर पाळत ठेवली जाते. तिने न्यायाधीश भितो. दुसरीत त्याच्या निकालाचे कागद पुन्हा वाचले जातात. तिने न्याय सुधारतो. पहिली रानड्यांनी सोसली, दुसरी आयुष्यातील उमेदीच्या वर्षांत निष्ठेने चालवली. हा भेद ध्यानी घेतल्याशिवाय ‘न्यायमूर्ती’ या पदाचा अर्थ पुरता उमगत नाही.

स्वाध्याय

१. एकतर्फी हुकूमनाम्यांची कारणे सांगा.
२. अपिलाच्या अभावी तपासणीचे महत्त्व का वाढले, ते स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील न्यायालयात गरजूंना मिळणाऱ्या विधी साहाय्याची माहिती घेऊन दहा ओळींची टीप लिहा.