खाशाबा जाधव आणि आपला खांदा



अस्थिसंस्थेच्या पाठात उखळीचा सांधा शिकवताना मी मुलांना खाशाबांची गोष्ट सांगते. आपल्या सातारा-सांगली भागात जत्रेतल्या कुस्त्या मुलांनी बघितलेल्या असतात, त्यामुळे पाठ पटकन समजतो.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. अंगाने लहान, पण चपळ. ढाक हा त्यांचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या पकडीत घ्यायची आणि अंग वळवून त्याला खाली आणायचं. या डावात खांद्याची खरी परीक्षा असते.

खांद्यात तीन हाडे असतात : गळ्याखालचे आडवे हाड म्हणजे कॉलरबोन, पाठीवरचे त्रिकोणी पाते आणि दंडाचे हाड. दंडाच्या हाडाचा गोल डोका पात्याच्या खळगीत फिरतो. ही खळगी अगदी उथळ असते, म्हणून हात चौफेर फिरतो; पण त्यामुळेच खांदा निखळायची भीतीही जास्त. अख्खा हात धडाच्या हाडांना फक्त कॉलरबोनने जोडलेला असतो. बाकी सगळा भार स्नायूंवर. पैलवान रोज जोर मारतात ते हे स्नायू बळकट व्हावेत म्हणूनच.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. सराव लाल मातीतला आणि स्पर्धा मॅटवर! तरी ते खचले नाहीत. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने किती करावं! खाशाबांनी तिथे कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. जिवंतपणी कौतुक करायला आपण उशीर केला, हेही मुलांना सांगायलाच हवं.

वर्गात हा उपक्रम घ्या : एका मुलाने हात सरळ डोक्यावर न्यावा, दुसऱ्याने त्याच्या पाठीवरच्या पात्यावर तळवा ठेवावा. पातं सरकताना जाणवेल. हात १८० अंश वर जातो, त्यातले साधारण ६० अंश या पात्यामुळे मिळतात. मग विचारा, खाशाबांच्या पदकामागे न दिसणारे हात कुणाकुणाचे होते? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.