रेव्हरंड टिळक : आतबाहेर एकच



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही, असा निरोप आला आणि मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेच नाव सुचले. पनवेलच्या आपल्या वर्गात ‘केवढे हे क्रौर्य!’ शिकताना त्या घायाळ पक्षिणीसाठी कितीजणांचे डोळे भरून आले होते! कवीच्या नावामागचे ‘रेव्हरंड’ पुस्तकात छापलेले असे. त्यासाठी त्यांनी काय मोजले, ते मात्र नसे. मी ख्रिस्ती घरातला, म्हणून ते मला वडिलांकडून कळले.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मण घरातला. नाशिकला संस्कृत शिकले. देवाचा शोध लहानपणापासूनच चाललेला. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. तो वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थांबले.

इथेच खरी परीक्षा होती. मनात ख्रिस्त आणि बाहेर रूढी, असे जगता आले असते. घर टिकले असते, जातही टिकली असती. पण देवापुढे एक आणि लोकांपुढे दुसरे, हे त्यांना मानवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, तरी आधी त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळीच ठेवली. टिळकांनी बळजबरी केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःचे मन वळल्यावर.

मला अधिक मोठी वाटते ती पुढची गोष्ट. आपल्या माणसांसमोर सत्य बोलणारा माणूस ज्यांची भाकरी खातो त्यांच्यासमोर गप्प बसतो, असे आपण पुष्कळदा पाहतो. टिळक तिथेही गप्प बसले नाहीत. ख्रिस्ती झालो म्हणून तुकोबा परके झाले, असे त्यांनी मानले नाही. अभंग, भजन, कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. आजही आमच्या रविवारच्या उपासनेत त्यांची पदे म्हटली जातात. देशावरचे प्रेमही त्यांनी लपवले नाही. येथील मंडळी परदेशी मिशनच्या आधारावर नव्हे, आपल्या पायांवर उभी राहावी, हा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसण्याची मुभा होती.

ते निर्दोष मुळीच नव्हते. राग पटकन येई, हाती पैसा टिकत नसे, संसाराची घडी वारंवार विस्कटे. हे आपल्याला कळते ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. नवऱ्याचे मोठेपण आणि विक्षिप्तपण त्यांनी एकाच प्रेमाने सांगितले आहे. ज्या घरात झाकपाक नव्हती, त्याच घरातून असे पुस्तक येऊ शकते. बालकवींसारखा तरुण कवीही त्याच घरात मुलासारखा राहिला.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी ६४ अध्याय लिहून पुरे केले.

आपल्यापैकी कुणी मंदिरात जाते, कुणी मशिदीत, कुणी चर्चमध्ये, कुणी कुठेच नाही. नाताळच्या करंज्या आणि दिवाळीचा चिवडा आपण एकाच डब्यातून खाल्ला. टिळकांचे चरित्र मला आपल्या सगळ्यांचे वाटते ते म्हणूनच. श्रद्धा कोणतीही असो, ती उघडपणे जगायची, तिची किंमत स्वतः द्यायची आणि दुसऱ्याला त्याच्या गतीने चालू द्यायचे, हे त्यांनी करून दाखवले. आता आपली नातवंडे शाळेत जाऊ लागली आहेत. त्यांच्या पुस्तकात टिळकांची कविता आली, तर कवीच्या नावावर क्षणभर थांबा आणि ही गोष्टही त्यांना सांगा.