खडकीला पेशव्यांशी लढला आणि नंतर दख्खनचे मासे मोजत बसला

जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, शहागडजवळून गोदावरी वाहते. तिच्या खोऱ्यात सिलोनिया चिल्ड्रेनी नावाचा एक शिकारी मासा आहे. बिनखवल्यांचा, चंदेरी, धारदार दातांचा. दुसरे मासे हेच त्याचं खाणं. आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये मोजला जातो. 1839 साली त्याची शास्त्रीय नोंद केली ती एका लष्करी अधिकाऱ्याने, विल्यम हेन्री साईक्सने.

साईक्सचा जन्म 1790 चा, यॉर्कशायरमधला. पोरवयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखात नेमकं काय आहे, हे कंपनीला मोजायचं होतं. 1824 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने ते काम साईक्सला दिलं. माणसं, पिकं, महसूल, हवामान. गडी तेवढ्यावर थांबला नाही, पक्षी आणि मासेही गोळा करू लागला. जालना तेव्हा निजामाकडे होतं, त्यामुळे त्याचा मुक्काम जास्त पुण्याकडे.

1829 अखेर हे पदच रद्द झालं. साईक्सने रजा टाकली आणि जानेवारी 1831 पर्यंत बिनपगारी राबून काम संपवलं.

मोठा शिकारी मासा जिवंत ठेवायची तेव्हा सोय कुठली? मेला की रंग उडतो, उन्हात कुजायला वेळ लागत नाही. म्हणून साईक्सने माशांची मापं घेऊन चित्रं काढून घेतली आणि चाळीसहून अधिक माशांची वर्णनं लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. नावं देताना मराठी शब्दच लॅटिनमध्ये बसवले: खुद्री, कोलुस, गोग्रा, रोहटी. मुळा-मुठेतून वर्णन केलेला महासीर आजही टॉर खुद्रीच आहे. हे शब्द भोई-कोळ्यांच्या तोंडचे. पण सिलोनियाला नाव मिळालं ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन चिल्ड्रेनचं. जाळं टाकणाऱ्या एकाही भोयाचं नाव कुठल्या माशाला लागलं नाही, हे खटकतंच.

पुढे साईक्स कंपनीचा संचालक, मग अध्यक्ष आणि खासदारही झाला. 1872 मध्ये लंडनला वारला.

त्याची चित्रं उरली, पण बहुतेक मूळ मासे उरले नाहीत. त्याचा फटका पुढच्या संशोधकांना बसला. साईक्सने 'मुसुल्ला' म्हटलेल्या माशाचं नाव नंतर भलत्याच माशाला, कावेरीतल्या कुबड्या महासीरला चिकटलं. त्या महासीरची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की व्हायला 2018 साल उजाडलं.