नगरपिता सर फिरोजशहा मेहता

सांताक्रूझ हे मुंबईचे उपनगर १९५० साली बृहन्मुंबईत सामील झाले आणि तेथील रहिवाशांचा मुंबई महानगरपालिकेशी संबंध जडला. आपल्या वस्तीतील रस्ते, दिवे, पाणी यांची चिंता आपण निवडून दिलेल्या प्रतिनिधीने वाहावी, ही गोष्ट आता सर्वांस स्वाभाविक वाटते. परंतु १८७० च्या सुमारास खुद्द मुंबई शहराच्या नागरिकांसही हा अधिकार नव्हता. तो मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपली बुद्धी आणि वाणी वेचली, त्यांत सर फिरोजशहा मेहता हे अग्रगण्य होत.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए. होऊन ते विलायतेस गेले. तेथे दादाभाई नौरोजींचा सहवास त्यांस लाभला. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले.

त्या वेळी मुंबईचा कारभार आर्थर क्रॉफर्ड या कमिशनरच्या हाती होता. त्याने रस्ते, गटारे, मंडई अशी पुष्कळ कामे केली; पण पैसा पाण्यासारखा खर्च केला. करदाते संतापले. १८७१ साली तरुण फिरोजशहांनी भर सभेत निराळाच विचार मांडला. दोष एका अधिकाऱ्याचा नसून पद्धतीचा आहे; कारभार एका कर्तबगार अधिकाऱ्याकडेच असावा, मात्र त्याच्यावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, असे त्यांचे म्हणणे होते. श्रोत्यांस ते रुचले नाही. त्यांनी गोंगाट केला. तथापि १८७२ चा कायदा बव्हंशी याच धोरणाने झाला. ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे ठरले. पुढे १८८८ चा कायदा घडविताना फिरोजशहांनी काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसह मोठे परिश्रम घेतले. त्या कायद्याने सभासदांची संख्या ७२ झाली.

फिरोजशहा १८८४, १८८५ व १९०५ साली महानगरपालिकेचे अध्यक्ष होते. १८९० साली ते राष्ट्रीय सभेचेही अध्यक्ष झाले. परंतु देशाच्या मोठ्या प्रश्नांत गुंतल्यामुळे शहराचे लहान प्रश्न त्यांनी कधी हलके मानले नाहीत. अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेची ते बारकाईने छाननी करीत. त्यांचा दरारा इतका होता, की तो विरोधकांना खुपू लागला.

१९०७ साली त्यांच्या कसोटीचा प्रसंग आला. त्या काळी १६ सभासद जस्टिस ऑफ द पीस या मानकऱ्यांकडून निवडले जात, आणि फिरोजशहा त्यांचेच उमेदवार होते. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर जेल, कलेक्टर हॅच व पत्रकार लोव्हॅट फ्रेझर या इंग्रजांनी एकत्र येऊन त्यांस पाडण्याचा कट रचला. त्यांच्या या टोळीस 'कॉकस' हे नाव पडले. त्यांनी आपल्या १६ उमेदवारांची यादी तयार केली आणि तिच्यासाठी मते मिळविली. मतमोजणी झाली, तेव्हा फिरोजशहांचा क्रमांक १७ वा लागला! तीस वर्षांहून अधिक काळ ज्या सभेची सेवा केली, तिचे दार त्यांस एका क्रमांकाने बंद झाले.

सारे शहर हळहळले. सरकारी अधिकाऱ्यांनी निवडणुकीत ढवळाढवळ करावी, हे लोकांस असह्य झाले. त्यांनी प्रचंड सभा भरवून निषेध केला. प्रकरण न्यायालयात गेले. महंमद अली जिना या तरुण बॅरिस्टरांनी फिरोजशहांची बाजू मांडली. शेवटी १६ व्या क्रमांकाने निवडून आलेले गृहस्थ महानगरपालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्यामुळे अपात्र ठरले आणि ती जागा फिरोजशहांस मिळाली. कायद्याच्याच मार्गाने ते सन्मानपूर्वक आपल्या आसनावर परतले आणि पूर्वीच्याच उत्साहाने काम करू लागले.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे देहावसान झाले. महानगरपालिकेच्या भव्य इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. निवडणुकीतील जय अथवा पराजय हा एका दिवसाचा असतो. नगराची निष्ठेने केलेली सेवा मात्र चिरकाल टिकते, हेच तो पुतळा येणाऱ्या-जाणाऱ्यांस सांगत असतो.