फितींचा संसार मांडणारे दादासाहेब

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे स्मरण होते ते बहुधा दिग्दर्शक म्हणून. परंतु चित्रित झालेली प्रत्येक फूट फीत सांभाळणारा कारागीर ही त्यांची ओळख मात्र मागे पडली आहे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेबांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मुद्रणव्यवसाय असा त्यांचा प्रवास झाला. ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून ते चित्रपटाकडे वळले. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले आणि विल्यम्सन कॅमेरा, तसेच फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेतले. परतल्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनी 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला. अनेक दिवसांत सुटे सुटे टिपलेले क्षण योग्य क्रमाने लागले, की त्यांतून गोष्ट उभी राहते, हे त्यातून सिद्ध झाले.

'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादरचे राहते घरच कारखाना बनले. कोरी फीत छिद्रांविना येई. पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत तिला छिद्रे पाडीत, रसायने सिद्ध करीत, फिती धुण्यास हातभार लावीत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही पाहत. भारतातील पहिल्या चित्रपट संकलक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते, ते उगीच नव्हे. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होतेच असे नाही. त्यामुळे प्रत्येक तुकडा ओळखून वेगळा ठेवणे, निरुपयोगी भाग कापणे आणि शीर्षकपट्ट्या योग्य जागी जोडणे हे सारे हातानेच करावे लागे. सहा महिने २७ दिवसांच्या श्रमांतून ३,७०० फुटांचा, चार रिळांचा चित्रपट तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला.

पुढे नाशिकला बिऱ्हाड हलवून त्यांनी 'लंकादहन', 'कालियामर्दन' असे यशस्वी चित्रपट दिले. 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटात तर स्वतः फीत हाताळणारे दादासाहेब पाहावयास मिळतात. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

सुमारे ९५ चित्रपटांपैकी आज हाती उरले आहेत ते मोजके अवशेष. नायट्रेटची फीत चटकन पेट घेते, उष्म्याने कुजते आणि त्या काळी ती जतन करणारी संस्थाच नव्हती. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी चिकाटीने हे अवशेष मिळवले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली असून, तीही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

आज नवी मुंबईतील एखाद्या घरात बसून संगणकावर लघुपट जोडणाऱ्या तरुणाकडे फाळक्यांच्या फितीहून कितीतरी पट अधिक चित्रण साठलेले असते. दिवस, प्रसंग आणि क्रमांक घालून ते लावले नाही, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली नाही, तर तेही तसेच हरवेल. चित्रीकरणाइतकीच मांडणी आणि जतनही महत्त्वाचे, हा धडा दादासाहेबांच्या यशातून जसा मिळतो, तसाच त्यांच्या हरवलेल्या रिळांतूनही.