कै. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके

आमच्या शाळेंतील मुलांस चित्रपटाची गोडी आहे, हें सिद्ध करण्यास साक्षीदार नकोत. सुटीच्या आदल्या दिवशीं वर्गांत जी कुजबुज चालते, तींत बहुधा हाच विषय असतो. वडील माणसें व शिक्षक या गोडीस नांवें ठेवितात आणि त्यांत कांहीं तथ्यही आहे. परंतु ज्या पुरुषानें ही कला आपल्या देशांत स्वतःच्या हातांनीं उभी केली, त्याचें चरित्र मुलांस ठाऊक नसतें व नांवें ठेवणारांसही क्वचितच ठाऊक असतें. तें दोघांनींही वाचावें, या हेतूनें आम्ही तें येथें थोडक्यांत देत आहों.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित होते. पुढें त्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली व कुटुंब मुंबईस आलें. स्कॉटिश मिशनच्या कॉलेजांत एक वैदिक शास्त्री अध्यापन करितो, ही त्या काळच्या मुंबईची एक चांगली बाजू होय. मुलगा मात्र शास्त्राध्ययनाकडे वळला नाहीं. १८८५ सालीं त्यानें सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत नांव घातलें व नंतर बडोद्याच्या कलाभवनांत चित्रकला आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. जादूचे खेळही तो शिकला आणि आपलें आडनांव उलटें करून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें त्यानें ते लोकांस करून दाखविले!

संसाराची सुरुवात मात्र दुःखाची झाली. गोध्रा येथें फोटोचा धंदा मांडला असतां प्लेगच्या सांथींत पत्नी व मूल दोघेंही गेलीं. १९०२ सालीं त्यांनीं दुसरा विवाह केला. या पत्नीचें नांव सरस्वतीबाई. त्यांच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे. १९०३ सालीं सरकारच्या पुराणवस्तु-खात्यांत नोकरी मिळाली, ती त्यांनीं थोड्याच वर्षांत सोडली. मग छपाईचा व ठसे करण्याचा व्यवसाय चालविला. रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीस जाऊन आले. कारखाना भरभराटीस आला असतां भागीदारांशीं बेबनाव झाला आणि फाळके हात हालवीत बाहेर पडले. वय चाळिशीचें, पदरीं मुलेंबाळें आणि मिळकत कांहीं नाहीं, अशी त्या वेळीं त्यांची स्थिति होती.

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगांवांतील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या नाटकगृहांत त्यांनीं एक मूक चित्रपट पाहिला. तो प्रभु येशु ख्रिस्ताच्या चरित्राचा होता. पडद्यावर ख्रिस्ताचीं कृत्यें सरकत असतां फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढें श्रीकृष्ण आणि श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या हीं उभीं राहूं लागलीं. आपल्या देशांतील कथा आपल्याच माणसांच्या हातून अशाच पडद्यावर येतील काय, या विचारानें त्यांस घेरलें. पुन्हां जाऊन त्यांनीं तोच खेळ सरस्वतीबाईंसही दाखविला.

ख्रिस्ताचें चरित्र पाहून त्यांस कृष्णाची आठवण व्हावी, हें वाचून आमच्या कांहीं ख्रिस्ती वाचकांस किंचित् खंत वाटेल. आम्हांस ती वाटत नाहीं. त्याच पिढींत रे. नारायण वामन टिळक यांनीं वारकऱ्यांचा अभंग घेऊन त्यांत ख्रिस्तभक्ति गाइली आणि ओवींत 'ख्रिस्तायन' रचावयास घेतलें. संतांचें पात्र घेऊन त्यांत आपल्या श्रद्धेचें जल भरण्याचा हक्क जर टिळकांस होता, तर ख्रिस्तचरित्राचें पात्र घेऊन त्यांत आपल्या पुराणांचें जल भरण्याचा हक्क फाळक्यांसही होता. शेजाऱ्यांची देवघेव अशीच चालते, आणि तींत कोणाचेंच कांहीं उणें होत नाहीं. आम्हांस विचार करावासा वाटतो तो निराळ्या गोष्टीचा. त्या नाटकगृहांत तो खेळ फाळक्यांसारख्याच इतर पुष्कळांनींही पाहिला. ते घरीं गेले व जेवून झोपले. या एकाच मनुष्याची झोंप उडाली.

ती खरोखरच उडाली. मिळतील ते चित्रपट ते दररोज पाहूं लागले आणि रात्रीं त्यांविषयींचें वाचन व प्रयोग करूं लागले. त्या ताणानें डोळे इतके बिघडले कीं, कांहीं काळ त्यांस दिसेनासें झालें. सुदैवानें उपचारांनीं दृष्टि परत आली. मग आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनीं पैसे उभे केले व १९१२ च्या फेब्रुवारींत लंडन गांठलें. तेथें कोणी ओळखीचें नव्हतें. 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाच्या कचेरींत ते सरळ शिरले. संपादकानें आधीं या धंद्यांत न पडण्याचा सल्ला दिला. पण त्यांची निष्ठा पाहून त्यानेंच त्यांस सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध चित्रपटकाराकडे नेलें. कांहीं दिवसांतच चित्रपटाची कृति समजावून घेऊन, हातानें फिरवावयाचा विल्यम्सन कॅमेरा व फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र खरेदी करून ते परत आले.

घरीं येऊन त्यांनीं पहिलें चित्र घेतलें तें राजाचें वा देवाचें नव्हे, तर वाटाण्याच्या एका रोपाचें. कुंडींत वाटाणा पेरून त्याचें रोजच्या रोज थोडेंथोडें चित्र घेतलें. महिन्याभराची ती वाढ पडद्यावर क्षणांत दिसूं लागली. जणूं अंकुर डोळ्यांदेखत मातींतून वर येत आहे! ज्यांस या मनुष्याचें वेड केवळ वेड वाटत होतें, त्यांचा तें पाहून विश्वास बसला व कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनीं आपले दागिनेही दिले.

दादर येथें 'राजा हरिश्चंद्रा'चें काम सुरू झालें. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना. कुलीन स्त्रियांची गोष्ट दूरच, ज्यांस समाजानें आधींच बाहेर लोटलें होतें त्यांनींही हें काम हलकें म्हणून नाकारलें. अखेर ग्रँट रोडवरील एका खानावळींतील अण्णा साळुंके या आचाऱ्यानें लुगडें नेसून तारामतीचें काम केलें. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सर्व मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. दिवसा उन्हांत पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडीत, आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत बसून फिल्मला भोंकें पाडीत व ती धुवीत. पडद्यावर त्यांचें नांव आलें नाहीं. पण ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन थिएटरांत सुमारें ३७०० फूट लांबीचा तो चित्रपट लोकांपुढें आला, त्याच्या फुटाफुटावरून या माउलीचे हात फिरलेले होते. चरित्रकार पुरुषांचीं चरित्रें लिहितात, तेव्हां या हातांस विसरतात. निदान आमच्या शाळेच्या मुलांनीं तरी विसरूं नये.

पुढें फाळके नाशिकास गेले. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं, आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनें करण्यास आरंभ झाला. १९१७ च्या 'लंकादहना'नें लोकांस वेड लाविलें. त्यांत राम व सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांनींच केल्या! १९१९ च्या 'कालियामर्दनां'त फाळक्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली.

परंतु काळ कोणासाठीं थांबत नाहीं. भांडवलवाल्या भागीदारांशीं न पटून ते कांहीं काळ काशीस जाऊन राहिले व पुन्हां परतले. १९३१ सालीं चित्रपट बोलूं लागला आणि मूकपटाच्या या जनकाची विद्या एकाएकीं जुनी ठरली. १९३७ सालीं कोल्हापुरास त्यांनीं 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट केला. त्यानंतर काम मिळालें नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें, ज्या धंद्यानें हजारोंस श्रीमंत केलें त्याचा हा संस्थापक जवळजवळ विस्मृतींत वारला. १९६९ पासून सरकारनें त्यांच्या नांवें चित्रपटसृष्टींतील सर्वांत मोठें पारितोषिक ठेविलें आहे. मान मिळाला, पण पंचवीस वर्षें उशिरा.

मुलांनो, चित्रपट पाहूं नका, असें सांगण्यासाठीं आम्हीं हें लिहिलें नाहीं. फाळकेही पाहतच होते, आणि तुमच्यापेक्षां पुष्कळ अधिक पाहत होते. पण जें पाहिलें तें कसें केलें असेल, आणि तें आपणांस करितां येईल काय, हा प्रश्न ते बरोबर घेऊन घरीं आले. पुढच्या खेळास जाल तेव्हां तुम्हीही तो घेऊन परत या. आणि तिकिटास पैसे देणाऱ्या वडिलांस, व तुम्ही येईपर्यंत जेवण झांकून बसणाऱ्या आईस, त्याचें उत्तर काय सांगाल, याचा वाटेंत विचार करा.